आजचा कप्तान

थोरलीने त्या वर्षीची सुट्टी शाळेचं वेळापत्रक लावावं तशी लावली होती. ती एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती, आणि कुठल्या वर्गाला कुठल्या तासाला कुठला शिक्षक मिळेल या एका काळजीवर तिची ऐन उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. त्यामुळे कुठलीही गोष्ट, मग ते मरण का असेना, नीट आखणी केली की टळते अशी तिची पक्की समजूत होऊन बसली होती. धाकटा भाऊ तिला तोंडावर ‘वेळापत्रक’ म्हणायचा. ती वरवर चिडायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

दर उन्हाळ्यात हे चौघं, आई, बाबा, थोरली आणि धाकटा, होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचे. दिवसभर शीड उभारायचं, संध्याकाळी जिथे आडोसा मिळेल तिथे नांगर टाकायचा, आणि शेवटी कड्याखालच्या खाडीत मनसोक्त मुक्काम ठोकून परत फिरायचं. होडी बाबांची. बाबा सुतार. कुणीतरी सरपणाला काढलेली ती होडी त्यांनी परसात आणून ठेवली आणि मुलं शाळेत जायला लागेपर्यंत तिच्यावर रंधा मारत बसले. शिडं आईची. आई लोकांचे कपडे शिवायची, आणि त्याच मशीनवर, त्याच शिव्या घालत, तिने ती जाडीभरडी शिडंही शिवली होती. होडीला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. आताशा आई म्हणायची, होडीत दोन म्हाताऱ्या झाल्या, त्यातली कुठली आधी गळायला लागते बघू या. यावर हसायचं की नाही हे कुणालाच कळत नसे.

या होडीत एक टोपी होती. गवताची, रुंद काठाची, उन्हाने तपकिरी पडलेली. मुलं लहान असताना सुकाणू कुणी धरायचं यावरून त्यांची अशी जुंपायची की एकदा दोघंही गुद्दागुद्दी करत पाण्यात पडली. त्यांना गचांडी धरून वर काढल्यावर बाबांनी नियम केला. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी तो कप्तान, त्याच्या डोक्यावर टोपी, आणि संध्याकाळी होडी थांबेपर्यंत त्याचाच शब्द शेवटचा. का आणि कशाला हे विचारायचं नाही.

बाबांनी तो नियम स्वतः असा पाळला की मुलं हबकूनच गेली. धाकट्याने आपल्या पहिल्याच पाळीला हुकूम सोडला, की बाबांनी मिशी काढायची. एवढीशी टिकली, आणि हुकूम काय, तर मिशी! बाबांनी हूं की चूं केलं नाही. काठावर बसून, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने, त्यांनी ती भरघोस मिशी उतरवली. धाकटा घाबरून रडायलाच लागला. पुढे तो न्हावी झाला, आणि त्याच्या धंद्याचं मूळ त्या मिशीत आहे असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. घरात या माणसांनी काय काय मोडलं असेल, वचनं, कपबशा, एकमेकांची मनं. पण होडीतला तो नियम आजवर कुणी मोडला नव्हता.

थोरलीची सगळी आखणी या टोपीवर उभी होती.

आईच्या पोटात गाठ आहे हे हिवाळ्यात कळलं. थोडी औषधं झाली, त्यांनी केस गेले, उरलेसुरले धाकट्याने आपल्या दुकानाच्या खुर्चीत बसवून हळुवार हाताने काढले. पुढे ऑपरेशनची गोष्ट निघाली, तेव्हा आईने मान हलवली. ‘‘मला कापून घ्यायचं नाही,’’ ती म्हणाली, आणि विषय संपला. थोरलीचा संपला नाही. तिने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, फोनवर आवाज चढवून पाहिला, अबोला धरून पाहिला. आई ढिम्म. तेव्हा थोरलीने आपलं नेहमीचं हत्यार बाहेर काढलं.

किनाऱ्यावर, खाडीच्या अलीकडे, एक बंदराचं शहर लागतं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात अशा गाठी काढण्यात नावाजलेला एक सर्जन होता. थोरलीने फोन करून त्याची वेळ मिळवली आणि त्या दिवसापासून उलटं मोजत सुट्टी कधी सुरू करायची ते ठरवलं. त्या दिवशी टोपी तिच्या डोक्यावर येणार होती. ती आधी हुकूम देणार होती, होडी बंदरात घ्या. मग दुसरा हुकूम, आई, माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल. आई माझं ऐकत नाही, ठीक आहे, पण कप्तानाचं ऐकेलच, असा तिचा हिशोब होता.

हे तिने फक्त बाबांना सांगितलं होतं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं, हातातल्या फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘बघू.’’

आता बाबांच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. सायकल घेऊन द्या म्हटलं की बघू, सहलीला जाऊ का म्हटलं की बघू. सरळ नाही म्हणायची त्यांना लहानपणापासून चोरी होती. पण माणसाला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो. थोरलीने त्या ‘बघू’चा होकार करून घेतला आणि सामान बांधायला लागली.

त्या दिवशी सकाळी सगळं तिच्या मनासारखं होतं. वारा पाठीवर होता, समुद्र शहाण्यासारखा वागत होता, आणि आईने चक्क अर्धं अंडं खाल्लं होतं. गेल्या काही दिवसांत ती नुसता चहा पुढ्यात घेऊन बसायची. थोरलीने आडव्या दांड्यावर अडकवलेली टोपी काढली. डोक्यावर घालणार तेवढ्यात आई म्हणाली,

‘‘आजची टोपी मला देशील?’’

थोरलीचा हात तसाच राहिला.

‘‘तुझी पाळी उद्या आहे ना?’’

‘‘उद्याचं काय सांगावं गं. काल अख्खा दिवस झोपून काढला मी, हुकूम द्यायला डोळे तर उघडे पाहिजेत. आज बरं वाटतंय. उद्याची माझी पाळी तू घे. अदलाबदल.’’

आईने कधी काही मागितल्याचं थोरलीला आठवेना. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर ‘सुई-दोरा आहे माझ्याकडे’ असं म्हणणारी बाई ती. आणि आज ती डोक्याला रुमाल बांधून, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि एखाद्या पोरीसारखी टोपी मागत होती. थोरलीने मनातल्या मनात पटकन गणित केलं. पिण्याचं पाणी संपत आलंय, बंदरात जावंच लागेल. आई खुशीत असली तर हुकमाचीही गरज पडायची नाही. आणि समजा तिने नाही म्हटलं? नाही कशाला म्हणेल?

‘‘घे,’’ ती म्हणाली.

आईने टोपी घातली. थोरलीला वाटलं होतं की ती तिच्या कानांवर उतरेल, इतकं ते डोकं लहान झालं होतं. पण टोपी छान बसली. आईने आतल्या पट्टीला बारीक चुण्या घालून ती आपल्या मापाची करून घेतली होती. घरी, निघण्याआधीच. थोरलीने ते पाहिलं. शिवणारी बाई, सैल टोपी तिला खपली नसणार, एवढंच तिच्या मनात आलं.

बाबा शिडाची दोरी घट्ट करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुपार व्हायच्या आधी शहर दिसायला लागलं. आधी धुराडी, मग क्रेनच्या माना, आणि त्यांच्या मागे टेकाडावर ते पांढरं उंच हॉस्पिटल. थोरलीने आपल्या पिशवीला हात लावून पाहिला. पिशवीत आईचे दोन गाऊन, टॉवेल आणि चपला तिने आधीच भरून ठेवल्या होत्या.

‘‘कप्तान, पाणी घ्यायला हवं,’’ ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली. ‘‘बंदरात जाऊ या ना?’’

‘‘खाडीत झरा आहे की,’’ आई म्हणाली. ‘‘आज वारा चांगला आहे. असेच पुढे गेलो तर संध्याकाळपर्यंत खाडी गाठू. सरळ चला.’’

‘‘आई, पण...’’

‘‘आई नाही. कप्तान.’’

थोरलीने बाबांकडे पाहिलं. बाबा दोरीची गाठ सोडत होते आणि पुन्हा तीच गाठ मारत होते. ‘‘कप्तान म्हणेल ते,’’ ते म्हणाले. धाकटा बटाटे सोलत बसला होता. नेहमी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चुरचुरीत बोलणारा तो, त्या क्षणी बटाट्यातले डोळे काढण्यात गढून गेला.

‘‘सुकाणू थोरलीकडे,’’ आईने पुढचा हुकूम दिला. ‘‘तिचा हात स्थिर आहे. मी जरा पडते. आणि हे बघ, ते तरंगते लाल बोये आहेत ना, त्यांच्या बाहेरूनच जा. आतल्या बाजूला नदीची वाळू आहे.’’

असं म्हणून ती पुढे जाऊन डोलकाठीपाशी आडवी झाली आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. बाबा तिच्या पायांशी जाऊन बसले. तिची पावलं नेहमीच गार असत आताशा, ती त्यांनी मांडीवर घेतली.

थोरली सुकाणू धरून बसली. तिचा हात खरोखरच स्थिर होता. आत मात्र नुसता कल्लोळ चालला होता. सर्जन त्या दिवशी दुपारपर्यंतच बसणार होता. आज चुकलं की पुन्हा वेळ कधी, कुणाला ठाऊक. आणि उद्या टोपी तिच्याकडे आली तरी खाडीतून इकडे परत यायचं म्हणजे वारा तोंडावर घ्यायचा, त्यात दिवस जाणार. पांढरी इमारत हळूहळू बाजूला यायला लागली. थोड्या वेळाने ती मागे पडणार होती. एका गवती टोपीपायी आपली आई मरणार, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्यावर माणूस बोये बघत नाही.

नदीच्या मुखाशी लाल बोये लांबलचक वळसा घालून बंदराची खोल वाट दाखवत होते. पण मधून, वाळूच्या पट्ट्यावरून, सरळ गेलं तर धक्का समोरच दिसत होता. भरतीला लहान होड्या तिथून ये-जा करतात हे तिने पाहिलेलं होतं. भरती आता सरली होती, हेही ती जाणून होती. अजून पाणी असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि सुकाणू दाबलं.

शीड फडफडलं. धाकट्याने मान वर केली.

‘‘ताई, काय करतेस?’’

‘‘गप्प बस.’’

‘‘अगं, हुकूम...’’

‘‘गप्प बस म्हटलं ना!’’

तो गप्प बसला. पुढे आयुष्यभर त्याला हे सलत राहिलं, पण त्या वेळी मात्र तो गप्प बसला.

आधी होडीच्या पोटाखाली खरखर ऐकू आली. मग असा धक्का बसला की बटाटे, सुरी, चहाची भांडी, सगळं पुढे सांडलं, आणि मागे पाण्याखाली काहीतरी कडाडून वाजलं. थोरलीच्या हातातलं सुकाणू एकदम हलकं झालं. नुसता दांडा हातात, त्याच्या पलीकडे काही नाही.

बाबांनी भराभर शिडं उतरवली. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले, होडीला वळसा घालून मागे गेले आणि हात खाली घालून चाचपायला लागले. आजाऱ्याच्या पोटावरून डॉक्टरचा हात फिरावा तसा त्यांचा हात फिरत होता.

‘‘मोडलं,’’ ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘‘पाणी उतरतंय. आता भरती येईपर्यंत इथेच.’’

पाणी उतरत गेलं तशी होडी एका कुशीवर कलायला लागली. घर तिरपं झालं की माणसाला कसं बसावं ते कळत नाही. चौघंही एका बाजूला सरकली आणि एकमेकांना टेकून बसली. समोर टेकाडावर हॉस्पिटल होतं. त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या, इतकं जवळ. चारी बाजूंना ओली वाळू उघडी पडत होती.

थोरली ताडकन उठली आणि घसरून पुन्हा बसली. ‘‘हे बघ, वाईटातून चांगलंच झालं. आपण चालत जाऊ. पाणी गुडघ्याएवढंसुद्धा नाहीये. आई, मी तुला धरते, धाकट्या, तू त्या बाजूने. तो बघ, तिकडे रस्ता दिसतोय. अजून वेळ आहे, तो डॉक्टर अजून...’’

‘‘नाही,’’ आई म्हणाली.

‘‘मला सगळं ठरवून मिळालंय! नुसतं दाखवायचंय!’’

‘‘कप्तान म्हणते, नाही.’’

‘‘खड्ड्यात गेला तुझा कप्तान!’’ थोरली किंचाळली. तिच्या शाळेतल्या पोरांनी तो आवाज कधी ऐकला नसेल. ‘‘मर मग! मर इथे वाळूत टोपी घालून! आम्ही काय करायचं ते आम्ही बघून घेऊ! तुझा हट्ट पुरा होऊ दे एकदाचा!’’

एक समुद्रपक्षी वाळूवर उतरला, इकडेतिकडे चालला आणि यांच्यात आपलं काही काम नाही असं पाहून उडून गेला.

‘‘सांग ना आता तिला,’’ धाकटा हळूच म्हणाला. ‘‘आई, सांगून टाक.’’

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबा वाळूकडे बघत होते.

‘‘काय सांगायचं?’’

आईने टोपी मागे सरकवली. ‘‘त्या डॉक्टरला मी भेटून आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘हिवाळा संपताना. बाबांबरोबर लाकूड बघायला गेले होते बघ, तू म्हणालीस, या तब्येतीत कशाला फिरतेस. लाकूड कसलं आलंय. तिथेच गेलो होतो.’’

‘‘मग?’’

‘‘चांगला माणूस आहे. उगीच गोड बोलला नाही. म्हणाला, आता पसरलंय सगळीकडे. पोट उघडायचं आणि परत शिवायचं, याच्यापलीकडे मला काही करता येणार नाही. मी म्हटलं, मग नको. एवढी वर्षं शिवणाचं काम केलंय, विनाकारण उसवायचं माझ्या जिवावर येतं.’’ ती थोडीशी हसली. ‘‘तोही हसला बिचारा.’’

थोरलीला शब्द ऐकू येत होते, पण ते एकापुढे एक ठेवून त्यांचं काही होत नव्हतं. ‘‘तू म्हणालीस... तू म्हणालीस की तुला कापून घ्यायचं नाही.’’

‘‘हो. म्हणाले.’’

‘‘म्हणजे... करण्यासारखं काही होतं आणि तू नाही म्हटलंस, असं नाही?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’

‘‘तू रागावली होतीस,’’ आई म्हणाली. ‘‘फोन करून भांडत होतीस, दहा ठिकाणी चौकशा करत होतीस, जेवतखात होतीस. मी तुला ओळखते ना. तुला करायला काही उरलं नाही की तू भिंतीकडे तोंड करून पडतेस. परीक्षेचा निकाल लागला होता तेव्हा पडलीस, नवरा निघून गेला तेव्हा पडलीस. मला वाटलं, हट्टी आई असलेली बरी. हट्टी आईला निदान शिव्या तरी घालता येतात.’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’ थोरलीने भावाला विचारलं.

‘‘केस काढले त्या दिवशी सांगितलं तिने मला,’’ तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. ‘‘आरशात बघून सांगितलं. मागे वळली नाही.’’

‘‘आणि बाबा, मी तुम्हाला सगळं सांगितलं तेव्हा... तुम्ही हो म्हणालात!’’

‘‘मी म्हटलं होतं, बघू,’’ बाबा म्हणाले.

थोरलीच्या अंगातलं वारंच गेलं. पिशवीतले गाऊन, टॉवेल, चपला, फोनवरच्या त्या मुलीला केलेल्या विनवण्या, सगळं तिला आठवलं, आणि स्वतःची एवढी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना. तिरप्या होडीत तोंड लपवायलाही जागा नसते. ती आईच्या कुशीत पडली तर आईला दुखलं असतं, म्हणून तिने नुसता तिच्या पावलांवर हात ठेवला. पावलं बर्फासारखी होती.

‘‘आज तू टोपी मागितलीस, ते याचसाठी,’’ ती पुटपुटली.

‘‘मला खाडीत जायचं होतं,’’ आई म्हणाली. ‘‘तुला सांगते, हसू नकोस. त्या झऱ्याखाली दरवर्षी आंघोळ करते ना मी, दरवर्षी केस वाळायचा वैताग. म्हटलं, यंदा केस नाहीत, डोक्यावर थेट पाणी पडलं की कसं लागतं ते बघावं एकदा. बाकी काही नाही.’’

खाडीच्या बाजूचा कडा तिथून दिसत होता. निळसर, फारसा लांब नाही. वारा अजूनही त्याच दिशेने, चांगला भरून वाहत होता. अशा वाऱ्याला बाबा एरवी ‘जेवायला वाढलेलं ताट’ म्हणायचे.

दुपारभर चौघं तिथे बसून राहिली. धाकट्याने वाळूवर उतरून सांडलेले बटाटे गोळा केले. बाबांनी मोडक्या सुकाणूची फळी तपासली. लाकूड आतून कुजलं होतं, ते नाहीतरी मोडलंच असतं, असं ते थोरलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. खोटं बोलत होते. ते लाकूड त्यांनी स्वतः निवडलेलं होतं आणि ठणठणीत होतं, हे तिला कळत होतं. आई मधूनमधून डोळे मिटत होती. एकदा पोटात कळ आली तेव्हा तिने थोरलीचा हात इतका आवळला की तिच्या बोटांचे वळ उठले. मग ओसरल्यावर म्हणाली, ‘‘गेली.’’

उन्हं उतरायला लागली तेव्हा पाणी परत आलं. आधी वाळूवरून एक पातळ चकाकती रेघ सरकत आली, मग होडी कुरकुरली, सरळ झाली आणि तरंगली. बंदराच्या लाँचवाल्याने त्यांना पाहिलं होतं. त्याने दोर फेकला आणि सुकाणू नसलेल्या म्हातारीला ओढत ओढत धक्क्याला आणून बांधलं. थोरलीला सकाळपासून जिथे यायचं होतं तिथे ती आली होती. वर रस्त्याच्या पलीकडे हॉस्पिटलचं फाटक होतं, आणि त्याच्या खिडक्यांत एकेक करून दिवे लागत होते.

‘‘होडी थांबली,’’ आई म्हणाली. ‘‘झाली माझी पाळी.’’

तिने टोपी काढली. पण लगेच दिली नाही. आपल्या शिवणाच्या डब्यातून छोटी कात्री काढली, टोपी मांडीवर उलटी धरली आणि आतल्या पट्टीच्या चुण्या उसवायला लागली. कात्री कुठेही चुकत नव्हती. उसवलेला दोरा ती बोटाला गुंडाळत होती. सगळे तिच्याकडे बघत होते.

‘‘कशाला उसवतेस?’’ धाकटा म्हणाला. ‘‘चार-पाच दिवसांत परत तुझी पाळी येईल.’’

आईने शेवटची चुणी उसवून पट्टी अंगठ्याने सारखी केली, टोपीवर फुंकर मारली आणि ती थोरलीच्या डोक्यावर ठेवली.

‘‘उद्याचा दिवस तुझा. अदलाबदल ठरली होती,’’ ती म्हणाली. ‘‘तू म्हणशील तिथे जाऊ. ते समोर हॉस्पिटल आहे. तुला त्याच्या तोंडून ऐकायचं असेल तर येईन मी, खरंच येईन. बोल, कप्तान. कुठे जायचं?’’

थोरलीने फाटकाकडे पाहिलं. मग मान वळवून कड्याकडे पाहिलं, तो आता काळसर झाला होता. बाबा धक्क्यावर उभे होते, मोडलेली फळी काखेत धरून.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘नवं सुकाणू लवकर होईल ना? हिला खाडीत नेता येईल तोवर होईल ना?’’

बाबांनी फळीवरून अंगठा फिरवला. तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

‘‘बघू,’’ ते म्हणाले.

टोपी थोरलीच्या डोक्यावर नेमकी बसली होती. तिघंही तिच्या हुकमाची वाट बघत होते, आणि कुठे जायचं ते तिला सांगता येईना.